सोजरबाईंची सायकल आणि अर्धा किलो गूळ

हे सिद्धरामा, हे सोलापूरच्या धन्या, तहानलेल्या गावासाठी तू स्वतः हाती कुदळ घेतलीस, तळे खोदलेस आणि त्याच तळ्याच्या मधोमध वस्तीला राहिलास. तुझ्या पायरीवर रोज किती पावले टेकतात! कुणी नवस घेऊन येतो, कुणी नारळ घेऊन येतो, कुणी रिकाम्या हातांनी आणि भरल्या डोळ्यांनी येतो. त्या भरल्या डोळ्यांच्या रांगेत एक बाई उभी असते. पायांत झिजलेली चप्पल, पदराला पिठाचा वास, आणि बाहेर नारळाच्या दुकानाशी टेकवून ठेवलेली, पुढे जाळीची टोपली असलेली जुनी सायकल. देवा, आज तिचेच नाव तुझ्यापुढे घ्यायचे आहे. तिला तू ओळखतोस. आम्हांलाही ओळखू दे.

तिचे नाव सोजरबाई.

सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे दिवस उजाडतो तोच मुळी यंत्रमागांच्या खटखटाटाने, तिथल्या एका अरुंद बोळात सोजरबाईंचे दोन खोल्यांचे घर आहे. वय साठीला टेकलेले. यजमान मागावर राबता राबता तरुणपणीच गेले. घरात आता तिघीच : सोजरबाई, त्यांची सून वैजयंती आणि सहा वर्षांची नात शांभवी. वैजयंती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर बसते. घरातले काम दोघी वाटून घेतात, पण उंबऱ्याबाहेरचे सगळे काम सोजरबाईंचे, आणि ते सगळे सायकलवरचे. दळणाचा डबा मागे सुतळीने आवळून बांधलेला. भाजी पुढच्या टोपलीत. रेशन आणायचे, विजेचे बिल भरायचे, अंथरुणाला खिळलेल्या शेजारणीची औषधे आणायची, नातीला शाळेत सोडायचे. ऊन असो, धुरळा असो, सोजरबाई आपल्या संथ चालीने पायडल मारीत निघालेल्या.

बोळात आता दारोदार स्कूटी आहे. येता-जाता कुणी थांबते, मागे बसण्याचा आग्रह करते. सोजरबाई हसून हात हलवतात : ‘तू हो म्होरं, मी येते मागनं.’ त्या कुणाच्या गाडीवर बसत नाहीत, रिक्षात बसत नाहीत. घरच्या कुठल्याही कामासाठी इंजिन सुरू होऊ द्यायचे नाही, हा त्यांचा नेम. सोमवारचा उपास एखादे वेळी मोडेल, हा नेम मोडणार नाही.

लोक म्हणतात, लेकाच्या दुःखाने बाईने हे व्रत घेतले. खरेच आहे ते. पण अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे सोजरबाईंनी चार वर्षे पदराच्या गाठीत बांधून ठेवले होते, आणि त्या गाठीचा काच दुसऱ्याच एका गळ्याला बसत होता.

चार वर्षांपूर्वीची भोगी. नेमका पाण्याचा दिवस. सोलापुरात पाण्याचा दिवस म्हणजे काय, ते नळाशी बसलेल्या बाईला विचारावे. पाचव्या दिवशी नळ येतो, दीड-दोन तास टिकतो, आणि तेवढ्या वेळात पुढच्या पाच दिवसांचे जगणे भरून ठेवायचे असते. घरोघरी नळाला मोटर लावलेली. तिच्या घरघरीत शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नाही. बोळभर नळ्या पसरलेल्या, पिंपे मांडलेली, घागरींची रांग. त्या वेळी घरात पाहुणा आला तरी बाई नळ सोडत नाही.

सोजरबाई नळाशी होत्या. वैजयंती आत शेंगदाणे भाजत होती. दुसऱ्या दिवशी संक्रांत, आणि संक्रांतीला सोलापूरच्या घरात शेंगापोळी नाही असे होत नाही. डबा उघडला तर गूळ कमी. भारत, सोजरबाईंचा एकुलता एक लेक, टॉवेलच्या कारखान्यात माल बांधणीला होता; स्वभावाने इतका मऊ, की आईने हाक मारायच्या आधीच ओ देणारा. तो बाहेर आला. त्याने भिंतीशी लावलेली सायकल घेतली, मागचे चाक अंगठ्याने दाबून पाहिले. चाक बसले होते. तो खिडकीखाली वाकला आणि त्याने पंप हातात घेतला.

आणि नळाशी बसलेल्या आईने मोटरच्या वर आवाज चढवून त्याला सांगितले, “आरं, हवा कुटं भरत बसतोस? पानी जाईल. पिंपं उचलाय नगंत व्हय? गाडी काढ आन् बिगीनं ये.”

भारत हसला. पंप ठेवला, सायकल ठेवली, मोटरसायकल काढली.

सायकल असती तर नळ्यांवरून उचलून पलीकडे ठेवता आली असती. बोळाच्या दुसऱ्या तोंडाशीच सिद्धप्पांचे किराणा दुकान. जाऊन यायला पाच मिनिटे. पण पाण्याच्या दिवशी मोटरसायकलला बोळ बंद. तिला हमरस्त्याचा वळसा. त्या वळशावर उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर येत होता.

गूळ घेतला गेलाच नाही. भारत दुकानापर्यंत पोचलाच नाही. बातमी आली तेव्हा नळाला पाणी होते. सोजरबाई धावल्या, वैजयंती धावली, बोळ धावला. पिंप भरून वाहिले, पाणी बोळाच्या तोंडापर्यंत गेले, आणि मागे तो नळ कुणी बंद केला, ते आजतागायत ठाऊक नाही. भारतची गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात नेऊन ठेवली. ती आणायला या घरातून कुणी गेले नाही. ती तिथेच गंजते आहे.

‘बिगीनं ये.’ हे शब्द भारतने ऐकले होते आणि सोजरबाईंनी उच्चारले होते. मोटरच्या आवाजात तिसऱ्या कुणालाही ते ऐकू गेले नव्हते. ज्याने ऐकले तो गेला. जिने उच्चारले ती गप्प राहिली.

त्यानंतर सहा महिने सोजरबाई सायकल नुसती हातात धरून चालत. दळणाचा डबा सायकलवर, आणि बाई पायी. मूळची ती सायकल वैजयंतीची, दांडा नसलेली. पण वैजयंतीने त्या दिवसानंतर तिच्यावर पाय ठेवला नाही. मग एका पहाटे सोजरबाईंनी ती होम मैदानावर नेली आणि पन्नाशी उलटलेल्या वयात पहिल्यांदा पायडल मारले. पडल्या. कोपर सोलले. परत बसल्या. शेजारची एक बाई म्हणाली, “सोजरबाई, गड्ड्याच्या जत्रंत सर्कस येनार हाय म्हनं. तुमचं नाव देऊ का?” सोजरबाई धूळ झटकत म्हणाल्या, “दे की. पर वाघ म्हनून तुलाच नेनार.” बोळ हसला. पुष्कळ दिवसांनी हसला.

आणि या सायकलची दुसरी सेवेकरी होती वैजयंती. रोज सकाळी कारखान्याला निघण्यापूर्वी ती पंप घेई आणि मागच्या चाकात हवा भरी. रोज. चाक टणक असो वा नसो, मोजून चाळीस वेळा दांडा खाली-वर. पावसाळ्यात डोक्यावर पोते घेऊन, अंगात ताप असताना भिंतीला एक हात टेकून. सोजरबाई आतून तो आवाज ऐकत, फुस्स, फुस्स, फुस्स. आणि मनात म्हणत, किती गुणाची पोर! माझ्या म्हातारपणाला जपते. माझ्या लेकाची आठवण जपते. एखाद्याने देवघरात दिवा लावावा तशी ती चाकात हवा भरते, असे त्यांना वाटे. हाय रे माणसाचे समजणे! घरातला माणूस घरातल्या माणसाच्या शेजारी चार वर्षे बसतो, एका ताटातली भाकरी मोडतो, आणि त्याच्या पोटात काय जळते आहे याचा वासही त्याला येत नाही.

गेल्या डिसेंबरच्या अखेरीची गोष्ट. गिरणीतून येताना भर चौकात मागचे चाक फटाक्यासारखे फुटले. पिठाचा डबा कलंडला. सोजरबाई सायकल ओढत बंदेनवाजभाईंकडे गेल्या. चौकातल्या कडुलिंबाखाली त्यांचे पंक्चरचे दुकान. दुकान म्हणजे एक पेटी, एक पाण्याची परात आणि चाळीस वर्षांचा अनुभव. त्यांनी ट्यूब बाहेर काढली, बोटांनी चाचपली आणि चष्मा कपाळावर चढवला.

“मावशी, ही फुटली न्हाय, फोडलीया. हवा कोन भरतंय?”

“सून भरती की. रोज भरती.”

“रोज? हवा म्हंजे काय दवा हाय, रोज सकाळी द्यायला? आठवड्यातनं एकदा बारा हात मारले तरी लई झालं. सांगा तिला, बारा. तेरावा मारला तर माज्या दुकानात पाय ठेवू नका.”

संध्याकाळी वैजयंती घरी आली तेव्हा सोजरबाईंनी ही गंमत तिला जशीच्या तशी सांगितली, बंदेनवाजभाईंसारखा चष्मा कपाळावर चढवल्याची नक्कल करून सांगितली. वैजयंती हसली नाही. डबा धुता धुता तिचे हात थांबले. मग ती खाली मान घालून बोलू लागली. इतक्या शांतपणे, की पाठ केलेले म्हणून दाखवावे.

“आत्या, त्या दिवशी मागचं चाक बसलेलं होतं. आदल्या दिवशी मीच नेली होती सायकल. हवा कमी झालीय हे मला कळलं होतं, आणि यांना सांगायचं राहिलं. सकाळी मी खिडकीतनं बघितलं. यांनी चाक दाबलं आणि सायकल ठेवून दिली. चाकात हवा असती तर हे गाडीवर गेलेच नसते.”

तिने पुन्हा डबा धुवायला घेतला. तिने ते पाहिले होते, ऐकले नव्हते. खिडकीतून डोळ्यांना दिसले ते तिने उचलले आणि चार वर्षे छातीवर वाहिले. रोजचे चाळीस हात म्हणजे दिवा नव्हता. ती शिक्षा होती.

सोजरबाईंच्या ओठापर्यंत खरे आले आणि माघारी गेले. सांगितले तर? ही पोर उठून मंगळवेढ्याला माहेरी जाईल. का जाऊ नये तिने? शांभवीला घेऊन जाईल. मग या दोन खोल्यांत उरेल कोण? एक म्हातारी आणि एक सायकल. ‘जाऊ दे गं,’ एवढेच त्या म्हणाल्या. आणि जे बोलल्या त्याची लाज न बोललेल्यापेक्षा जास्त वाटली.

तीन दिवस त्या सिद्धेश्वराच्या देवळात गेल्या. गाभाऱ्यासमोर उभे राहून त्यांनी धैर्य मागितले असे कुणाला वाटेल, तर तसे नव्हे. त्यांनी मागितले ते लहान मुलाने मागावे तसे : देवा, तूच तिला सांग, माझ्याच्यानं होत न्हाय. तळ्याचे पाणी हलले, पिंडीवरची फुले हलली, देव काही बोलला नाही. जी गोष्ट माणसानेच बोलायची असते, तिथे देव गप्प बसतो; आणि त्याचे ते गप्प बसणे म्हणजेच ढकलणे असते.

चौथ्या दिवशी सकाळी पाणी आले. नळाशी सोजरबाई, घागरी उचलायला वैजयंती, मध्ये घरघरणारी मोटर. सोजरबाईंनी तोंड उघडले आणि मोटरच्या आवाजाखाली सगळे बोलून टाकले, हळू, घाईघाईने, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. वैजयंतीने घागर खाली ठेवून विचारले, “काय म्हणालात आत्या? ऐकू नाही आलं.”

तिथे थांबता आले असते. ‘काही न्हाय’ म्हणता आले असते. एकदा या मोटरने त्यांना झाकले होते. आजही झाकायला ती तयार होती. सोजरबाई उठल्या. भिंतीपाशी गेल्या. भर पाण्याच्या वेळी, अर्ध्या भरलेल्या पिंपासमोर, त्यांनी मोटर बंद केली.

घरात इतकी शांतता झाली, की भिंतीपलीकडच्या मागाच्या धोट्याची खटखट मोजता यावी.

“वैजू, त्यानं हवा भराया पंप हातात घेतला हुता. मी भरू दिली न्हाय. गाडी काढ म्हनाले. बिगीनं ये म्हनाले. तुझ्या चाकानं न्हाय गेला माझा भारत. माझ्या जिभेनं गेला. आन् तुला मी चार वर्सं सांगितलं न्हाय.”

वैजयंती उभी होती. तिने एकच गोष्ट विचारली.

“पंप हातात घेतला होता त्यांनी?”

“व्हय.”

“म्हणजे दोन मिनिटांचंच काम होतं.”

“व्हय पोरी. दोन मिन्टांचं.”

नळाची धार बारीक होत चालली होती. वैजयंतीने स्वतः जाऊन मोटर पुन्हा लावली. तिने सगळी पिंपे भरली, सगळ्या घागरी भरल्या, सासूला पाच दिवस पुरेल इतके पाणी ठेवले. मग शांभवीला आंघोळ घातली, दोन पिशव्या भरल्या आणि एसटीने मंगळवेढ्याला निघून गेली. सोजरबाई उंबऱ्यात बसून राहिल्या. थांब म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे असे त्यांना वाटले नाही, आणि जा म्हणण्याइतके बळ नव्हते.

ते दिवस त्या बाईने कसे काढले! सकाळी पंपाचा आवाज नाही. दारात दप्तर नाही. बंदेनवाजभाईंनी नवी ट्यूब घातली होती, पण तीही हळूहळू बसू लागली; सोजरबाईंनी पंपाला हात लावला नाही. सायकल पुन्हा हातात धरून त्या पायी चालू लागल्या, चार वर्षांपूर्वीसारख्या. चौकातून जाताना बंदेनवाजभाईंनी हाक मारली, हवा फुकट आहे म्हणाले. सोजरबाईंनी मान हलवली. मधला पाण्याचा दिवस आला. एका बाईला पाणी ते किती लागणार? अर्धे पिंप भरले आणि त्यांनी नळ बंद केला. चार वर्षांत पहिल्यांदा पाणी उरले होते, आणि ते उरलेले पाणी पाहून त्यांना रडू आले.

मग भोगी आली. पुन्हा पाण्याचाच दिवस. शहरात सिद्धेश्वराच्या यात्रेचे नंदीध्वज, त्या उंच मानाच्या काठ्या, अडुसष्ट लिंगांच्या भेटीला निघण्याची गडबड, रस्त्यांवर रांगोळ्या, पांढऱ्या बाराबंद्यांतली माणसे. सोजरबाईंनी दार लोटून घेतले होते. चार वर्षांत या घरात शेंगापोळी झाली नव्हती. गुळाचा खडा उंबऱ्याच्या आत आला नव्हता.

सकाळी दार उघडले. वैजयंती उभी होती, हातात दोन पिशव्या, पदराला धरून शांभवी. पहिल्या एसटीने निघाली होती. ती आत आली, पिशव्या ठेवल्या आणि सासूकडे न बघता म्हणाली, “तुम्ही घाई केली, त्याचा राग नाही मला आत्या. पाण्याच्या दिवशी कोण घाई करत नाही? मला चार वर्षं सांगितलं नाही, त्याचा आहे. तो इतक्यात जायचा नाही.”

“नगं जाऊ दे,” सोजरबाई म्हणाल्या. “तू जाऊ नगंस म्हंजे झालं.”

वैजयंतीने पदर खोचला. ती बाहेर गेली. तिने सायकल उभी केली, मागचे चाक अंगठ्याने दाबून पाहिले आणि पंप घेतला. सोजरबाई आतून मोजत होत्या. नऊ, दहा, अकरा, बारा. आवाज थांबला. तेरावा आला नाही.

त्याच वेळी बोळात नळ आल्याची हाकाटी झाली. सोजरबाई सवयीने नळाकडे वळल्या, तर वैजयंती आधीच तिथे पाट टाकून बसली होती. तिने मोटर लावली नव्हती अजून. बटणावर हात ठेवून, स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

“पाणी मी भरते. तुम्ही गूळ घेऊन या, अर्धा किलो. सायकलवर जा. आणि आत्या, सावकाश या.”

सावकाश. साधा शब्द. दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला आपण देतो तो. चार वर्षांपूर्वी या दारात तो द्यायचा राहून गेला होता.

सोजरबाईंनी सायकल बोळात घेतली. नळ्या आल्या तिथे उतरल्या, सायकल उचलून पलीकडे ठेवली, पुन्हा बसल्या. पुन्हा नळ्या, पुन्हा उतरल्या. लेकाने ज्या वाटेने जायचे होते त्या वाटेने त्याची म्हातारी आई निघाली होती, आणि वाट संपूच नये असे तिला वाटत होते. बोळाच्या तोंडाशी सिद्धप्पा दुकानात बसलेले. “अर्धा किलो गूळ,” सोजरबाई म्हणाल्या. सिद्धप्पांनी वर पाहिले. चार वर्षांत या बाईने त्यांच्याकडून मीठ नेले, तेल नेले, काडेपेटी नेली. गूळ कधी मागितला नव्हता. त्यांनी ढेप फोडली, चांगला पिवळा खडा निवडला, कागदात बांधला आणि तराजूवरून उचलून स्वतःच्या हाताने टोपलीत ठेवला. दूर मिरवणुकीचा ‘हर्र बोला हर्र’ उठला. सिद्धप्पांनी हात जोडले. सोजरबाईंचे हात सायकलच्या मुठींवर होते. त्यांनी नुसते डोळे मिटले, आणि डोळे मिटल्यावर जे वाहायचे ते वाहू दिले.

घरी आल्या तेव्हा मोटर घरघरत होती. वैजयंतीने ओला हात पुसून गूळ घेतला आणि कागद हुंगला. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या नाहीत, गळ्यातही पडल्या नाहीत. एकीने पिंपे भरली. दुसरीने शेंगदाणे भाजायला घेतले.

हे सिद्धरामा, या घराला तुझी सावली असू दे. जो लेक वाटेतच राहिला, त्याला तुझ्या तळ्याकाठी विसावा मिळू दे. वैजयंतीच्या मनातला राग तिच्या वेळेने विझू दे. त्याला कुणी घाई न करो. शांभवीच्या वाट्याला शेंगापोळी येऊ दे, दर संक्रांतीला येऊ दे. या नळाला पाणी असू दे, या चाकात बेताची हवा असू दे. आणि आमची सोजरबाई, पिठाच्या वासाची, संथ चालीची, ती ज्या ज्या वाटेने जाईल, त्या त्या वाटेने तिला सांभाळून ने देवा, आणि दिवेलागणीच्या आत सावकाश, सुखरूप घरी आण.